पाळकसाहेबांचा राग

आमच्या पाळकसाहेबांना राग येतो, हे परळमधल्या निम्म्या चाळींना ठाऊक होतं. आलेल्या रागाचं ते पुढे करतात काय, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. नको तिथे नाक खुपसायची माझी सवय लहानपणापासूनची, त्यामुळे हा प्रश्न मला जितका छळायचा तितका बाकी कुणाला छळत नसावा. मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत शिकवत होते आणि रविवारी देवळात पेटी वाजवत होते. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणायचो. देवळाच्या आवारात मागच्या बाजूला दोन खोल्यांत मी आणि आई राहायचो, शेजारी पाळकसाहेबांचं बिऱ्हाड. लोकांना ते आठवड्यातून एकदा दिसायचे, मला सकाळी दात घासतानाही दिसायचे.

माणूस नगरकडचा, उंच, हाडापेराने मोठा. अंगात गळाबंद पांढरा कोट, पायात मात्र करकर वाजणाऱ्या गावाकडच्या वहाणा. उपदेशाला उभे राहिले की आवाज रस्त्यापलीकडच्या गिरणीच्या फाटकापर्यंत पोचायचा. राग आला की तोच आवाज एकदम खाली यायचा आणि मिशीचं डावं टोक उडायला लागायचं. मग ते खिशातून साखळीचं घड्याळ काढायचे आणि ज्याच्यावर राग आला असेल त्याच्याच हातात द्यायचे. "हे धरा. काटा इथून इथवर आला की मला हाक मारा," असं म्हणून बाहेर निघून जायचे. समोरचा बिचारा घड्याळ तळहातावर घेऊन बसायचा. भांडायला आलेल्या माणसाला काट्याच्या राखणीला बसवल्यावर तो भांडणार कसा? कितीतरी जण हाक मारायच्या आधीच घड्याळ टेबलावर ठेवून सटकायचे.

बाहेर जाऊन ते काय करतात, हे मला एका पेल्यामुळे कळलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. भाकर मोडून प्रत्येकाला तुकडा देतात आणि एकाच पेल्यातून सगळे घोट घेतात. दारूबंदीचे दिवस, म्हणून पाळकीणबाई काळ्या मनुका उकळून रस करायच्या. मंडळीचा, म्हणजे देवळाच्या सगळ्या सभासदांचा, कारभार पाहायला पंच निवडलेले असत. त्यांतले एक सचिवालयात नोकरीला होते. त्यांनी सभेत सूचना मांडली की आरोग्याच्या दृष्टीने यापुढे प्रत्येक कुटुंबाने आपापला पेला आणावा. झाडूखात्यातली काही कुटुंबं नुकतीच मंडळीत आली होती, त्यामुळे आरोग्य कुणामुळे धोक्यात आलंय ते न सांगता सगळ्यांना कळलं. मिशीचं टोक उडालं, घड्याळ त्या पंचांच्या हातात गेलं आणि पाळकसाहेब बाहेर पडले. मी पेटीवर कापड घालायच्या निमित्ताने उठले आणि मागच्या दाराने त्यांच्या मागावर गेले.

देवळामागे शेवग्याचं झाड होतं. पाळकसाहेब त्याच्यापुढे दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे होते आणि अस्सल नगरी बोलीत त्याला शिव्या घालत होते. "आरोग्य म्हणं, आरोग्य! माझ्या बापाला इहिरीवर चढू देत नव्हते, तवा कुठं गेलतं तुझं आरोग्य, गाढवाच्या लेका?" मी इथे लिहिणार नाही असेही काही शब्द आले, त्यांतले दोन मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकले. आतून हाक आली. त्यांनी कोटाच्या बाहीने तोंड पुसलं आणि आत जाऊन त्या पंचांना अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. आरोग्याची काळजी घ्यावी. तुम्ही सगळ्यांत शेवटी पीत जा, म्हणजे तुमचा रोग कुणाला लागणार नाही."

मला वाटलं, कोडं सुटलं. मी धावत पाळकीणबाईंकडे गेले. त्या विळीवर शेंगा चिरत होत्या.

"बाई, तुम्हाला माहीत होतं? शेवग्याचं?"

"न माहीत असायला काय झालं? एवढ्या शेंगा या परळात दुसऱ्या कुठल्या झाडाला लागतात का बघ. शिव्यांचं खत आहे ते." मग हात थांबवून म्हणाल्या, "त्यांचा राग कुठं जातो म्हणून सगळे विचारतात गं. माझा कुठं जातो, हे एकानं तरी विचारलंय?"

"कुठं जातो?"

"आमटीत," त्या म्हणाल्या. त्यांची आमटी तिखटजाळ असायची खरी.

रागावणं पाप आहे, असं पाळकसाहेबांनी कधी सांगितलं नाही. तरुणांच्या सभेत कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "राग पाहुणा आहे. दारातून हाकलला तर बाहेर उभा राहून तमाशा करतो. त्याला आत घ्या, पाणी द्या, काय म्हणतो ते ऐका. पण अंथरूण घालू नका." सूर्य मावळायच्या आत राग सोडायचा, हा आमच्यातला जुना दंडक. बाकीच्यांच्या तो तोंडी होता, पाळकसाहेब तो महिन्यातून एकदा पायांनी पाळायचे. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, महिन्याभरात ज्याच्या ज्याच्यावर रागावले असतील त्याच्या घरी ते दिवस असताना जायचे आणि दारातूनच विचारायचे, "माझा संपला. तुमचा?" संपला म्हटलं की बसून चहा मागायचे. नाही म्हटलं तर न मागता बसायचे आणि भांडण मिटवूनच उठायचे. मनात कुणाविषयी राग ठेवून प्रभूच्या मेजापाशी येऊ नये, आणि पाळकाने तर नाहीच नाही, असं ते मानत. शनिवारी वहाणा करकरत करी रोडकडे निघाल्या की बायका एकमेकींना विचारायच्या, "आज कुणाकडं चहा?"

याचा एक उलटाच परिणाम झाला. सगुणाआजी म्हणून एक म्हातारी करी रोडच्या चाळीत राहायची. सगळी उमर गिरणीत काढलेली, पदरी एकच नातू, याकोब, तोही गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. आजीकडे पाळकसाहेब शनिवारी कधी गेले नाहीत, कारण रागवावं असं ती काही करतच नव्हती. पण आजीला तो अपमान वाटायचा. "माझ्याव का रागवत न्हाईत? म्या काय मंडळीतली न्हाई व्हय?" असं ती मला रस्त्यात थांबवून विचारायची. शेवटी एका रविवारी तिने प्रत्येक गीत सगळ्यांच्या एक ओळ पुढे म्हणायला सुरुवात केली, तेही खड्या आवाजात. माझी पेटी कुणाच्या मागे जावी तेच कळेना. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मिशीचं टोक उडालं आणि आजीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. शनिवारी पाळकसाहेब तिच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माझा संपला. तुमचा?"

"माझा आता कुठं सुरू झालाय. बसा," आजी म्हणाली आणि तिने त्यांच्यापुढे हुलग्याचं माडगं ठेवलं. गाव सोडल्यापासून त्यांनी ते चाखलं नव्हतं. त्यानंतर ते राग नसतानाही तिच्याकडे जायला लागले.

हे सगळं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांतलं. गिरणगावात तेव्हा दुसरा विषय नव्हता. आमच्या रविवारच्या शाळेत एकदा प्रार्थना संपल्यावर पोरं आमेन म्हणायच्या जागी एका सुरात "झालाच पाहिजे!" ओरडली, तेव्हा पाळकसाहेबांना हसू आवरेना. मिशनच्या कचेरीतून निरोप आला होता की पाळकांनी राजकारणात पडू नये. ते म्हणाले, "मी कुठं पडतोय? पण मी प्रार्थना मराठीत करतो, त्याला मिशन काय करणार?"

मग गोळीबार झाला. याकोब रातपाळी करून घरी येत होता. नाक्यावर गर्दी होती, पळापळ झाली आणि त्याच्या गुडघ्यात गोळी शिरली. इस्पितळात पाय मांडीपासून कापावा लागला. साचा उभ्याने चालवायचा असतो. वय विशी-बाविशीचं, आणि पोरगा कामातून गेला.

त्या नाक्यावर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या पोलिसांत आमच्याच मंडळीतले जमादार होते. ते पंचही होते. प्रभुभोजनाला भाकरीचं ताट आणि पेला घेऊन पाळकसाहेबांबरोबर रांगांतून फिरायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच. अंगाने आडवा, बोलायला लाजरा माणूस. त्यांची मुलं माझ्या हाताखाली शिकत होती. गोळी त्यांची की दुसऱ्या कुणाची, हे कुणालाच माहीत नव्हतं, पण ते तिथे होते एवढं सगळ्यांना माहीत होतं.

पाळकसाहेब इस्पितळातून परत आले ते थेट शेवग्याकडे गेले. मी खिडकीतून बघत होते. ते झाडापुढे उभे राहिले, हात कमरेवर गेले, आणि तोंडातून एक शब्द निघाला नाही. बराच वेळ तसेच उभे राहून घरात गेले. त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली.

शनिवारी वहाणा पोलीस लाईनीकडे गेल्या नाहीत. रविवारी मेजावर पांढऱ्या कापडाखाली भाकर आणि पेला तयार होता. जमादार नेहमीसारखे स्वच्छ सदरा घालून पुढे झाले. देवळात कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, खिशात हात घातला आणि घड्याळ त्यांच्या हातात दिलं. काटा कुठून कुठवर ते काही सांगितलं नाही. नुसते बाहेर गेले. भरल्या उपासनेत असं कधी झालं नव्हतं. जमादार मेजाजवळ घड्याळ घेऊन उभे, आम्ही सगळे बसलेलो, कुणाला गाणं सुचेना. खूप वेळाने जमादार दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "साहेब, वेळ झाली."

"माझी नाही झाली," बाहेरून आवाज आला.

थोड्या वेळाने ते आत आले आणि मंडळीला म्हणाले, "आज प्रभुभोजन होणार नाही. मेज तयार आहे, मी तयार नाही." जमादारांनी घड्याळ मेजाच्या कडेला ठेवलं आणि मधल्या वाटेने निघून गेले. मागोमाग त्यांची बायको आणि मुलं उठली.

पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. उपदेश व्हायचा, प्रार्थना व्हायची, मेज झाकलेलं राहायचं. अर्धे पंच म्हणायला लागले, जमादाराचं नाव मंडळीतून काढा. अर्धे म्हणायला लागले, पाळकांचीच बदली मागा. ज्या माणसाने दुसऱ्यांचे राग दिवस मावळायच्या आत मिटवले, त्याच्या एका रागापायी मंडळी फुटायला आली होती. मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं, "तुम्ही जमादारांकडे जात का नाही?"

"जाऊन काय सांगू? संपला म्हणून खोटं सांगू?" ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तो संपावा असं मला वाटतच नाही, मास्तरीणबाई. याकोबाच्या रिकाम्या विजारीकडं बघितलं की वाटतं, तो राहावा. त्याचंच भय वाटतंय."

याकोब कुबड्या घेऊन घरी आला आणि आजीने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितलं. आजीचा निरोप आला की मला प्रभुभोजन पाहिजे. पाळकसाहेब निघाले, गीत म्हणायला मी बरोबर. खोलीत आजी खाटेवर होती आणि याकोब कोपऱ्यातल्या ट्रंकेवर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकलेल्या.

"आजी, प्रार्थना करू. प्रभुभोजनाला मी अजून..." पाळकसाहेब म्हणाले.

"पाय कुनाचा ग्येला?" आजीने विचारलं. आवाज बारीक झाला होता, धार तीच होती. "माझ्या नातवाचा ग्येला. मंग राग तुमी कशापायी धरून बसलाय? तुमच्या रागापायी म्या उपाशी जाऊ व्हय वरती?"

पाळकसाहेब खाटेजवळ खाली बसले.

"जमादाराला आना. प्याला मला त्याच्याच हातनं पायजे."

पाळकसाहेबांनी याकोबाकडे वळून विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"घर आजीचं आहे," याकोब म्हणाला. "तिला पाहिजे त्याला बोलवा."

आम्ही पोलीस लाईनीत गेलो. जमादार गंजीफ्रॉकवर दारात आले आणि आम्हाला बघून तसेच उभे राहिले. या बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

"माझा संपलेला नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"माझाही नाही साहेब. माझ्यावरचा." जमादार चौकटीला धरून बोलत होते. "सगळे नजरेनं विचारतात, गोळी तुझी का? हुकूम आला, मी बार काढला. वर काढला, असं घरी सांगितलं. खरं सांगू का? मला आठवत नाही. कुणी येऊन सांगितलं ना, की तुझी नव्हती, तर मी त्याचे पाय धरीन. तुझीच होती म्हणाला, तरी धरीन."

मी पाळकसाहेबांच्या तोंडाकडे बघत होते. मिशी हलली नाही. पण हा माणूस आपल्याच मंडळीतला आहे आणि इतके दिवस आपण त्याला एकटं टाकलं, हे त्यांना त्या घडीला कळलं असावं, कारण त्यांचे डोळे भरले.

"सगुणाआजी थांबायच्या नाहीत," ते म्हणाले. "कोट घाला, चला."

ऊन अजून चाळीच्या गॅलरीत होतं तेव्हा आम्ही परत आलो. भाकर मोडली. आजीने तुकडा घेतला. जमादारांनी पेला तिच्या ओठांना लावला, तेव्हा तिने त्यांचं मनगट धरलं आणि घोट गिळून झाला तरी सोडलं नाही. जमादारांच्या हातून पाळकसाहेबांनी पेला घेतला, पाळकसाहेबांच्या हातून जमादारांनी. मग ताट ट्रंकेकडे वळलं.

"मला नको," याकोब म्हणाला.

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता हे इथेच बसकण मारणार आणि मिटवूनच उठणार, दर महिन्याच्या त्या शनिवारी करायचे तसे.

"साहेब, तुमचा तुम्ही इतके महिने ठेवलात," याकोब म्हणाला. "माझा मला ठेवू द्या. माझ्याजवळ दुसरं काय राहिलंय?"

पाळकसाहेबांनी तुकडा ताटात परत ठेवला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. उतरताना जिन्यात थांबून मला म्हणाले, "मी आजवर लोकांना फार घाई केली."

पुढच्या रविवारी, महिन्याचा पहिला नसतानाही, त्यांनी मेज उघडलं. जमादार ताट घेऊन फिरले. काहींनी त्यांच्या हातून घेतलं, काहींनी मान वळवली, आणि पाळकसाहेब कुणाला काही बोलले नाहीत. बदलीची गोष्ट पुन्हा निघाली नाही. याकोब त्या दिवशी आला नव्हता.

त्याच आठवड्यात आजी गेली. आमच्यात मयताची पेटी खांद्यावरून शिवडीच्या दफनभूमीत न्यायची पद्धत. पुढचा उजवा खांदा घरच्या मुलाचा. चाळीच्या चौकात दोन बाकांवर पेटी ठेवलेली होती, गीत झालं, माणसं खाली वाकली. याकोब पुढच्या उजव्या बाजूला आला. एक कुबडी त्याने बाजूला टेकवली, खांदा पेटीखाली घातला आणि उचलायला गेला. जमलं नाही. तो कलंडला, चारजण धावले. त्याने हाताने सगळ्यांना मागे सारलं. ती जागा घ्यायला कुणी पुढे होईना.

याकोबाने गर्दीवरून नजर फिरवली. जमादार अगदी मागे, नळाच्या मोरीजवळ उभे होते.

"जमादारकाका, इकडे या."

गर्दीने वाट दिली. जमादार येऊन समोर उभे राहिले, मान खाली.

"ही माझी जागा," याकोब म्हणाला. "मला धरता येत नाही, का ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही धरा. शिवडीपर्यंत खांदा बदलायचा नाही."

जमादारांनी टोपी काढून खिशात घातली आणि खांदा लावला. करी रोडपासून शिवडी काही जवळ नाही. वाटेत बाकीचे खांदे बदलत गेले. जमादारांना सोडवायला लोक पुढे झाले की ते मान हलवायचे. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. सगळ्यांच्या पुढे याकोब कुबड्यांवर चालत होता, थांबत होता, पुन्हा चालत होता. तो थांबला की पेटी थांबायची. शेजारून पाळकसाहेब चालत होते, आणि एरवी लांब ढांगा टाकणारा तो माणूस त्या दिवशी एकदाही त्याच्या पुढे गेला नाही.